गल्लीतला आड

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात कोणाला नव्याने ऐकवायला नको. बाहेरगावचे पाहुणे आमच्याकडे आले की ओट्यावर चपला काढता काढताच ती म्हणतात. आम्ही हसतो. कारण त्यांना हातपाय धुवायला पाणी देताना आमच्या घरात अजूनही आधी विचारले जाते, "नळाचे की आडाचे?" सोन्याच्या पाळण्याच्या या गावात नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्याने येते, उन्हाळ्यात कधी पंधरवड्याने. आडाचे मात्र रोज असते.

कुंडलिका नदी आमच्या गावाचे दोन भाग करते. उजव्या काठावर जुना जालना, पलीकडे कादराबाद आणि त्याला लागून वाढत गेलेला नवा जालना. आमची गल्ली जुन्या जालन्यातली. पंचवीस-तीस घरांची, इतकी अरुंद की जनाजा निघाला तर खांदा बदलायला लोकांना कोपऱ्यापर्यंत थांबावे लागते. निम्मी घरे आमची, म्हणजे मोमीन, शेख, पठाण यांची. उरलेली कोष्टी आणि साळी समाजाची. एकेकाळी दोन्हीकडे माग होते. जालन्याच्या नावाचीच एक कथा अशी सांगतात की, इथे एक धनवान विणकर होता, जुलाहा, आणि त्याच्यावरून हे नाव पडले. खरे-खोटे अल्लाह जाणे. पण आमच्या गल्लीतल्या लोकांना ही कथा मनापासून खरी वाटते आणि ते साहजिकही आहे. आज माग एकही नाही. पुरुष सळईच्या कारखान्यात, गॅरेजमध्ये, मोंढ्यात. बायका शिवणकाम करतात, हंगामात बियाण्याच्या कंपन्यांत बी निवडायला जातात. आम्ही दोघे शिक्षक, म्हणून गल्लीतले 'सर के यहाँ' असे आमचे घर.

इथे एक खुलासा करतो. आमच्याकडे एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. या लेखातले 'आम्ही' म्हणजे कधी आम्ही नवरा-बायको, कधी सारे घर, कधी अख्खी गल्ली. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गोष्ट घर विकण्यापासून सुरू झाली. बायपासच्या पुढे नव्या लेआउटमध्ये आम्ही एक प्लॉट घेतला होता. रुंद रस्ता, समोर झाडे, गाडी दारापर्यंत. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेला, २०२३ च्या डिसेंबरात मुंबईची वंदे भारत सुरू झाली आणि भाव बघता बघता चढले. प्लॉटचे हप्ते, थोरल्याचे वसतिगृह, बांधकामाचे कर्ज. हिशेब कुठेच बसेना. शेवटी जुने घर विकायचे ठरले. गिऱ्हाईकही लगेच मिळाले. एका व्यापाऱ्याला गोदाम हवे होते. चौतीस लाख देतो म्हणाला. अट एकच : "तो आड बुजवून द्या. स्लॅबच्या खाली पोकळी नको." आम्ही हो म्हटले, इसार घेतला. आडाचा आम्ही दोघांनी, खरे सांगायचे तर, पाच मिनिटेही विचार केला नाही.

अम्मी मात्र दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर मुसल्यावर बसल्या बसल्याच म्हणाल्या, "हमसाये कू पूछे क्या?"

आम्ही म्हटले, "अम्मी, शेजाऱ्यांना कशाला विचारायचे? घर आपले आहे."

"घर अपना है. बावडी अपनी है बोल को किन्ने बोला तुमकू?"

मग त्यांनी कपाटातून पत्र्याची पेटी काढली. त्यात दादांच्या वेळचा कागद होता. चार घड्या, घडीवर फाटलेला, कोपऱ्यात निजाम सरकारचा मुद्रांक. आम्ही तो लहानपणापासून पाहिला होता. कोणी कधी वाचला नव्हता.

आम्ही उर्दू शिकवतो. तरी तो कागद आम्हाला वाचता येईना, हे कबूल करायला लाज वाटते. छापील नस्तालीक आणि निजामाच्या तहसिलीतल्या कारकुनाचे शिकस्ता यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे बालभारतीच्या पुस्तकात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीत. नुक्ते नाहीत, एक शब्द दुसऱ्याच्या पोटात शिरलेला, ओळ शेवटी वर चढत गेलेली. तारखेपाशीच अडखळलो. '१५ खुर्दाद १३४६ फसली'. हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहार फसली सनात चालत आणि महिन्यांची नावे इराणी : आजूर, दै, बहमन अशी. वर्ष ऑक्टोबरात, आजूरने सुरू होई. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे खुर्दाद १३४६ हा १९३७ चा एप्रिल. किंमत १४० रुपये 'सिक्का उस्मानिया', ज्याला लोक हाली रुपया म्हणत. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार, आणि हाली त्याहून थोडा हलका.

पुढचे वाचायला आम्ही एका वृद्ध अर्जनवीस चाचांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, वडील निजामाच्या तहसिलीत अहलकार होते. हल्ली त्यांच्याकडे कोणी जात नसे. पण २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्याची ठिणगीही आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत पडली. मराठवाड्यातली निजामकाळची उर्दू आणि मोडी दप्तरे बाहेर निघाली, तेव्हा अशा माणसांची अचानक आठवण झाली. ज्या लिपीला लोक 'तुमची भाषा' म्हणून बाजूला सारत होते, त्या लिपीत आपल्याच पणजोबांची जात, शेत आणि सारा लिहिलेला आहे, हे पुष्कळांना तेव्हा कळले. जालन्यात उर्दू कधी एकट्या मुसलमानांची नव्हतीच. राय हरिश्चंद्र साहनी 'दुःखी' हे आमच्या गावचे उर्दू शायर, आणि त्यांच्या नावाने आज मराठी कवींना पुरस्कार दिला जातो.

चाचांनी कागद उजेडाकडे धरला आणि चारही बाजूंच्या हद्दी, हुदूद-ए-अरबा, वाचायला घेतल्या. शर्क म्हणजे पूर्वेला एका साळ्याचे घर. जुनूबला, म्हणजे दक्षिणेला, सरकारी रस्ता. गर्ब, पश्चिमेला कोष्ट्याचे घर. आणि शिमालला, उत्तरेला... इथे ते थांबले. आम्ही घरी तो शब्द 'जाह' असा वाचला होता आणि काही अर्थ लागेना म्हणून सोडून दिला होता. चाचा हसले. "बेटा, नुक्ते तुमच्या मनाने लावायचे. जीमला एक, चेला तीन. हा 'जाह' नाही, 'चाह' आहे." चाह म्हणजे विहीर. पूर्ण शब्द होते 'चाह-ए-मुश्तरका' : सामाईक विहीर. आणि पुढच्या ओळीत, विकत घेणाऱ्याने तिच्याकडे जाण्या-येण्याचा रस्ता तिन्ही घरांना खुला ठेवावा, असे.

म्हणजे अम्मी बरोबर होत्या. आड आमच्या भिंतीच्या आत आहे, आमच्या मोरीशेजारी आहे, वीज बिल आमच्या मोटरचे येते. पण तो आमचा एकट्याचा नाही.

हा आड इथे कसा आला, याचा आम्ही नंतर बराच विचार केला. शाळेत मुलांना गावाचा इतिहास सांगताना आम्ही काली मशिदीपासून सुरुवात करतो. काळ्या दगडाची ही मशीद जमशेदखानाने १५७८ मध्ये बांधली, हिजरी ९८६. तेव्हा हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. हैदराबादचा निजाम फार पुढचा, मुले नेहमी इथे गोंधळतात. मशिदीबरोबर त्याने हमाम आणि सराई बांधली. पण त्याचे सर्वांत मोठे काम जमिनीखाली होते. गावाच्या पश्चिमेला त्याने मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. मुख्य हौद सराईच्या चौकात. भरभराटीच्या काळात गावाला असे पाच तलाव होते, असे जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिले आहे. बागा होत्या आणि त्यांची फळे मुंबई, हैदराबादला जात. आज जालन्याच्या मोसंबीचे नाव आहे, त्याचे मूळ लोक मोसंबीच्या कलमात शोधतात. आम्हाला वाटते ते तलावात शोधावे.

मुलांना आम्ही एकदा विचारले, बादशहा, सरदार, सुभेदार इतके होऊन गेले, त्यांतला कोण आपल्या रोजच्या कामाचा? एका मुलीने लगेच उत्तर दिले, "पानी वाला." या गावावरून खूप लोक गेले. अबुल फजल काही काळ इथे राहिला. १६७९ च्या हिवाळ्यात छत्रपती शिवाजी महाराजांची अखेरच्या काळातली मोठी मोहीम जालन्यावर आली, ती इथली पेठ श्रीमंत होती म्हणूनच. १७२५ मध्ये आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने किल्ला बांधला, तो मस्तगड. त्याच्यावर फारसी शिलालेख आहे आणि आत दालने असलेली एक विहीर. गावाभोवतीच्या तटाचे मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा एवढेच मागे राहिले. १८०३ मध्ये जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या असईला वेलस्लीची लढाई झाली. १८२७ मध्ये इंग्रजांनी जालन्याला छावणी वसवली, सदर बाजार त्या छावणीचा. मग १९०० साली रेल्वे आली, कापसाचे जिनिंग-प्रेसिंग आले. प्रत्येक वेळी गाव थोडे सरकले आणि आमची जुनी वस्ती थोडी मागे राहिली. नळ बुजले, हौद कोरडे पडले. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला, त्याचे पाणी नव्या जालन्याला. मग जुन्या गल्ल्यांनी काय करायचे? जिथे जमले तिथे आड खोदले, तीन घरांत एक, चार घरांत एक. आमचाही त्यातलाच असावा असा आमचा अंदाज. कागदावर त्याची ही एकच ओळ आहे.

दादांनी घर घेतले तेव्हा ते जिनिंगमध्ये कामाला होते. आडाच्या पश्चिमेला कोष्ट्यांचे घर. तिथल्या काकू आता सत्तरीच्या आहेत, अम्मींना 'आपा' म्हणतात, अम्मी त्यांना 'बाई'. दोघींचे बोलणे आडाच्या कठड्यावर दोन बाजूंनी चालते, एक दखनीत, एक मराठीत, आणि दोघींना वाटते की दुसरी आपलीच भाषा बोलते आहे.

दादी 'पुलिस ॲक्शन'वरून वय मोजायच्या. "तुझे अब्बा ॲक्शनच्या साली चालायला लागले." सप्टेंबर १९४८ चे ते दिवस. त्याआधी रझाकारांची दहशत होती, तेव्हा आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी दिवसाढवळ्या बाहेर पडणे सोडले होते. नंतर ती वेळ आमच्यावर आली. मराठवाड्यात कुठे काय झाले, ते पंडित सुंदरलाल समितीने पाहिले आणि लिहून ठेवले. दादी त्याबद्दल फार बोलत नसत. एवढेच सांगत की त्या काही दिवसांत त्या आडापर्यंतही आल्या नाहीत. पलीकडून काकूंची सासू दोन घागरी शेंदायची, एक आपल्या कमरेवर घ्यायची आणि एक कठड्याच्या अलीकडे ठेवून जायची. बोलायची नाही. त्याआधी रझाकारांच्या दिवसांत घागर उलट दिशेने गेली होती का, हे आम्ही दादींना कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

१९७२ च्या दुष्काळात हा आड आटला नाही, हे गल्लीतले सगळे सांगतात. २०१२-१३ चा दुष्काळ तर आम्ही स्वतः पाहिला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शेतकऱ्यांनी हाताने लावलेली झाडे हाताने तोडली. शहरात टँकर मागे लोक पळत. जायकवाडीची पाइपलाइन त्याच सुमारास आली, तोपर्यंत आमच्या गल्लीने हा आड पाळीने वापरला. फजरला आम्ही, मग काकूंचे घर, मग पूर्वेचा मेकॅनिक. घराला चार कळश्या. मोटर लावायची नाही असे ठरले होते. एका रात्री आम्हीच लावली. पाहुणे होते, वाटले कोणाला कळणार! सकाळी काकूंचा पोहरा गाळाला टेकला. त्या काही बोलल्या नाहीत. अम्मी बोलल्या आणि आम्ही दोन दिवस बाहेरून पाणी विकत आणले.

हे सगळे आठवायला तो कागद वाचावा लागला.

मग आम्ही इमाम साहेबांकडे गेलो. वाचकांपैकी अनेकांना 'शुफा' हा शब्द माहीत असेल, पण आमच्या पिढीने तो फक्त मदरशाच्या पुस्तकात पाहिला. घर-जमीन विकताना जो भागीदार आहे, त्याचा घेण्याचा हक्क पहिला. त्याच्यानंतर ज्याची वाट किंवा पाणी सामाईक आहे, त्याचा. हनफी फिकहमध्ये त्यानंतर नुसत्या लागून असलेल्या शेजाऱ्याचाही. परक्याला विकण्याआधी त्याला विचारायचे. शेजारी कुठल्या धर्माचा, हा प्रश्न यात येत नाही. आजच्या कोर्टात हा हक्क कितपत चालेल, ते वकिलांनी सांगावे. आम्हाला कोर्टात जायचे नव्हते. आम्हाला अम्मींसमोर जायचे होते. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. आणि इथे आम्ही चालती विहीर बुजवून देण्याचा इसार घेऊन बसलो होतो.

इसार परत केला. व्यापारी चिडला, आणि त्याचे चिडणे गैर नव्हते. त्याने दुसरीकडचा व्यवहार आमच्यासाठी सोडला होता. पावतीत लिहिल्याप्रमाणे त्याने नुकसानीचे पैसे मागितले आणि आम्ही ते दिले.

काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "आपा, माझ्याकडं कुठले लाख? पण तुम्ही इचारलं, एवढं पुरं." पूर्वेच्या मेकॅनिकला विचारले. पूर्ण घर घेण्याची त्याची ऐपत नव्हती. रस्त्याकडच्या दोन खोल्या तेरा लाखांना घेतो म्हणाला, मागच्या खोल्या आणि माडी आमच्याकडेच राहू द्या. आम्ही तयार झालो.

आता हिशेब. आम्ही तो वहीवर मांडला, जसा मुलांना फळ्यावर मांडून दाखवतो. अब्बा मरहूम होऊन सात वर्षे झाली, वाटणी कधी झालीच नव्हती. अम्मींचा आठवा हिस्सा : १ लाख ६२ हजार ५००. उरले ११ लाख ३७ हजार ५००, त्याचे पाच भाग. दोन भाग आम्हाला, दोन धाकट्या भावाला, म्हणजे प्रत्येकी ४ लाख ५५ हजार. एक भाग बहिणीला, २ लाख २७ हजार ५००. बहीण परभणीला दिलेली आहे. तिने फोनवर लगेच म्हटले, "मला नको, तुम्हालाच गरज आहे." हे वाक्य आपल्या घराघरांतून बहिणींच्या तोंडी असते आणि आपण ते फार पटकन ऐकून घेतो. आम्हीही ऐकले असते. अम्मींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "पहले ले. बाद में जो करना सो कर." पैसे तिच्या खात्यावर गेले. तिने त्यातून आपल्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरली. 'नको' म्हणताना तिलाही गरज होतीच.

धाकटा पुण्यात असतो. चौतीस लाखांच्या व्यवहारात त्याच्या वाट्याला अकरा लाख नव्वद हजार येणार होते. त्यावर त्याने फ्लॅटच्या बुकिंगचे ठरवले होते. तो म्हणाला, "एका बावडीसाठी तुम्ही माझे सात लाख घालवले." आम्ही त्याला कागदाचा फोटो पाठवला, चाचांनी सांगितलेला अर्थ लिहून पाठवला. त्याने उत्तर दिले, "मला उर्दू येत नाही." त्याच्या मुलांना तर मराठीही नीट येत नाही. पण त्याचेही चुकले असे आम्ही म्हणू शकत नाही. निर्णय आम्ही आणि अम्मींनी इथे घेतला, त्याला नंतर कळवला. जो हक्क आम्ही शेजाऱ्याला दिला, विचारण्याचा, तो सख्ख्या भावाला दिला नाही.

नवे खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात झाले. मसुदा वकिलाने केला, पण चतुःसीमेचा मजकूर आम्ही लिहून दिला. उत्तरेस : सामाईक आड व त्याकडे जाण्या-येण्याचा बोळ, जो तिन्ही घरांच्या वापरासाठी कायम खुला राहील. 'चाह-ए-मुश्तरका'ला 'सामाईक आड' हा शब्द पुरतो का, यावर आम्ही रात्री बराच वेळ घालवला. वकील म्हणाला, 'आड' नको, 'विहीर' लिहा, दप्तरात विहीर म्हणतात. शेवटी दोन्ही लिहिले. नव्वद वर्षांनी कोणी हा कागद वाचायला बसेल, तेव्हा देवनागरी तरी त्याला वाचता यावी.

लोकांना वाटेल, आजच्या दिवसांत एवढा जीव आडात अडकवण्यासारखे काय आहे? जालन्याला आज सळईचे गाव म्हणून ओळखतात. इथल्या बियाण्याच्या धंद्याचा पाया बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोच्या रूपाने घातला आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळाले. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आम्हाला या सगळ्याचा अभिमान आहे, आमच्या गल्लीतली निम्मी घरे त्याच पगारावर चालतात. फक्त पाणी अजून पाळीनेच येते. आणि नव्या लेआउटमध्ये आमच्या प्लॉटवर घेतलेले बोअर साडेचारशे फुटांवर कोरडे निघाले, हेही इथे सांगून टाकावे. तिथे पाच-सहा कॉलम उभे आहेत, सळया वर आलेल्या. बांधकाम पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह.

गेल्या मे महिन्यात आडाचा गाळ काढला. किती वर्षांनी, ते कोणालाच आठवेना. मेकॅनिकने गॅरेजमधला चेन पुली आणला, कठड्यावर लोखंडी तुळई आडवी टाकली. त्याचा एक पोरगा आणि काकूंचा नातू आत उतरले. उतरण्याआधी कंदील खाली सोडून पाहिला, विझला नाही म्हणून मगच. दिवसभर काळा, कुजका वास येणारा गाळ घमेल्यांनी वर येत होता. त्यात चार प्लास्टिकचे मग, एक बॅट, असंख्य साबणाच्या डब्या, एक सायकलची घंटी. आमच्याच मुलांचे प्रताप. दुपारी एक पितळी तांब्या वर आला, एका बाजूने चेपलेला. काकूंनी राख लावून घासला आणि म्हणाल्या, "हा आमच्या सासूचा." अम्मी म्हणाल्या, "नै जी बाई, ये हमारा है, मेरी सास ढूँढ ढूँढ को मर गई इसकू." दोघी संध्याकाळपर्यंत भांडल्या. तांब्यावर नाव नाही. तो सध्या कठड्यावरच आहे आणि ज्याला तहान लागते तो त्याने पितो.

पाणी त्या दिवसापासून हातभर वाढले आहे. रंगही सुधारला. शाळेच्या प्रयोगशाळेत तपासले, जडपणा आहे, डाळ लवकर शिजत नाही, पण बाकी ठीक.

पुण्याहून भावाचा फोन अजून आलेला नाही. बहीण सांगते, बकरी ईदला तो मुलांना घेऊन यायचे म्हणतो आहे. नक्की काही नाही. अम्मींनी माडीवरची खोली झाडून घेतली आहे आणि त्याच्या मुलांसाठी खालून दोन बादल्या वर नेऊन ठेवायला सांगितल्या आहेत, कारण माडीवर नळाचे पाणी चढत नाही.